तुझे सात दिवस

बुधवार, रोश हशाना संपल्यावर

दादा,

मधला गेला. रविवारी दुपारी, हॉस्पिटलमध्ये. सोमवारी सकाळी दफन केलं. आईच्या शेजारची जागा मिळाली.

वर्षातून एकदा सणाच्या शुभेच्छांचं कार्ड, यापलीकडे मी तुला कधी काही लिहिलेलं नाही. त्यालाही तुझं उत्तर येत नाही. पण कार्डं परतही येत नाहीत, म्हणजे पत्ता तोच असावा असं धरून चालते. फोन लागत नाही. जे झालं ते ओळीनं लिहिते, मला दुसरं जमत नाही.

त्याच्या किडन्या गेल्या होत्या. दोन वर्षं डायलिसिस चालू होतं, आठवड्यातून तीनदा. हे तुला माहीत नसणार. शनिवारी ताप आला, रविवारी रक्तदाब उतरत गेला तो थांबला नाही. मी शेजारी होते. त्रास झाला नाही असं डॉक्टर म्हणाले. ते सगळ्यांनाच तसं सांगत असतील.

दफन करून घरी आलो तर शम्माश दारात शोकाला बसायची बुटकी स्टुलं घेऊन उभा. आपला जुनाच शम्माश, सिनेगॉगची झाडलोट करणारा, तो अजून आहे. आरशावर चादर टाकून झाली होती. शेजारणीनं उकडलेली अंडी आणि पाव आणला, पहिलं जेवण दुसऱ्याच्या हातचं लागतं म्हणून. मी खाल्लं. कुडत्याचा गळा रीतीप्रमाणे उजवीकडून फाडलेला होता, तो खाताना सारखा खाली येत होता. पाचसात माणसं येऊन गेली. कोणी काय बोललं ते आठवत नाही. एका बाईनं घर भाड्याचं की मालकीचं ते विचारलं.

मग नवे हझ्झान आले. तू गेल्यानंतर आलेत, तू त्यांना ओळखत नाहीस. प्रार्थनाही तेच चालवतात, कायदाही तेच सांगतात. त्यांनी खिडकीतून ऊन कुठवर आलंय ते पाहिलं आणि म्हणाले, “बाई, आता उठायचं.”

“कुठं जायचंय?”

“जायचं कुठं नाही. नुसतं उठायचं. सूर्य मावळला की रोश हशाना, नवं वर्ष. सण आला की शोकाचे सात दिवस रद्द होतात.”

“मी तर आत्ता बसलेय.”

“बसलात ना? झालं. घटकाभर बसलं तरी सात धरले जातात.”

मी विचारलं की उरलेले दिवस सणानंतर बसायचे का. ते म्हणाले, उरत नाहीत.

शम्माश समोर उभा राहिला. मी उठायची वाट बघत होता, कारण बाकीची स्टुलं त्यानं उचलली होती आणि माझ्याखालचं एवढंच राहिलं होतं. “द्या बाई,” म्हणाला, “मलाही अंघोळ करायचीय.” मी दिलं. चादर काढली, घडी केली. अंघोळ करा असं सांगितलं होतं, केली. धुतलेले कपडे घाला म्हणाले, घातले. सूर्य मावळताना मी बायकांच्या बाकावर बसले होते आणि लोक एकमेकांना चांगलं वर्ष लिहिलं जावो म्हणत होते. मलाही म्हणाले. त्या दिवशी शोक करणाऱ्याला म्हणतात तसं सांत्वन कोणी केलं नाही. करायचं नसतं.

हझ्झान म्हणाले, हा दिवस सगळ्यांचा आहे. जग निर्माण झालं त्याचा, आणि सगळ्यांना एकेक करून तपासलं जातं त्याचा. एकट्याचं दुःख त्याच्यापुढं थांबतं. मला थांबवण्यासारखं काही जाणवत नव्हतं, म्हणून मी वाद घातला नाही.

शिंग वाजवलं. त्यानं माणूस जागा होतो म्हणतात. मला मागच्या बाईचा खोकला ऐकू येत होता.

उद्या हे पोस्टात टाकते.


शुक्रवार, दुपारी, कामावरून

काल पोस्टात जायला जमलं नाही. पोस्ट आमच्या लॅबच्या समोरच आहे, पण जमलं नाही.

मी दातांच्या लॅबमध्येच आहे अजून. कवळ्या करते. डॉक्टर हिरड्यांचे ठसे पाठवतात, आम्ही प्लास्टरचा जबडा ओततो, त्यावर मेणात दात बसवतो. काल मला बघून मालक खुर्चीतून उठले.

“तुम्ही कशा काय आलात? तुमच्यात सात दिवस असतात ना? मी तर तुमचं काम वाटूनही टाकलं.”

“झाले.”

“सात झाले? सोमवारपासून?”

मी त्यांना सणाचं सांगितलं. ते बोटांवर दिवस मोजत बसले. मग म्हणाले, “धर्म तुमचा कडक की सोपा तेच कळत नाही मला.” त्यांनी माझं काम परत आणून दिलं. शेजारच्या टेबलावरची, जी दातांचे रंग जुळवते, ती म्हणाली, “घरी बसून काय करणार होतीस? भिंतीच बघितल्या असत्यास.” तिचं खरं असेल. पण मला त्या भिंती बघायच्या होत्या बहुतेक. मला आजवर कधी बसायला लावलेलं नाही. आईच्या वेळी मी लहान म्हणून माझ्या हातात ट्रे होता.

काल मी एका बाईचे वरचे पुढचे सहा दात बसवले. चांगले बसले. हात आपोआप चालतात.

घरी एक स्टीलचं फुलपात्र आहे. त्यानं मोजून मी मधल्याला पाणी द्यायचे, दिवसभरात ठरलेलं तेवढंच. त्याच्या समोर आपण घटाघटा पिऊ नये म्हणून मीही त्यानंच प्यायचे. काल लॅबमध्ये चक्कर आली तेव्हा ध्यानात आलं की मी अजून त्याच मापानं पितेय. मालकांनी बाटली दिली. प्यायले.

मधल्याला तारखा आधीच पाठ होत्या. पलंगासमोर कॅलेंडर होतं. मागच्याच आठवड्यात म्हणाला, “धाकटे, सणाच्या तोंडावर गेलो तर तू एका दुपारीत मोकळी. मालक खूश होईल.”

मी म्हटलं, “गप्प पड.”

“अगं, तुझ्याच सोयीचं बघतोय. एरवी मी कोणाची सोय बघितलीय?”

तो असंच बोलायचा, तुला माहीत आहे. सुया टोचणाऱ्या नर्सला तो ‘शिंपीणबाई’ म्हणायचा. ती हसायची. रविवारी ती रडली. मी तिला पाणी दिलं.

आता शब्बाथ लागेल. दिवे लावायचे आहेत.


शुक्रवार, योम किप्पूरच्या दुसऱ्या दिवशी

पत्र अजून माझ्याकडेच आहे. त्याचं कारण लिहिते, पण आधी कालचं.

योम किप्पूरनं, प्रायश्चित्ताच्या उपासानं, शोकाचे तीस दिवसही रद्द केले. सात दिवस रोश हशानानं नेले, तीस योम किप्पूरनं. आईबाप गेले तर वर्ष असतं, भावाला तीसच. म्हणजे काल संध्याकाळपासून मी शोकातली नाही. कुडत्याचा गळा आता शिवता येतो असं हझ्झानच्या बायकोनं सांगितलं, म्हणून सकाळी शिवून टाकला. आतून टीप घातली. नीट बसलाय, कळतही नाही.

काल सगळे पांढऱ्या कपड्यात, कातडी बूट न घालता, उपाशी, पाण्याशिवाय. मेलेल्या माणसालाही असंच पाठवतो, पांढऱ्यात आणि अनवाणी. हझ्झान म्हणाले, वर्षातून एक दिवस आपण सगळेच मेल्यासारखे उभे राहतो आणि संध्याकाळी परत पाठवले जातो. मी आजूबाजूला बघत होते. मधल्याला ज्या कपड्यात पुरलं तेच सगळ्यांच्या अंगावर, आणि सगळे जांभया देत होते. मला त्यात थोडं बरं वाटलं. बरं म्हणजे काय ते सांगता येणार नाही.

कबुली देताना छातीवर मूठ मारायची आणि आम्ही केलं, आम्ही केलं असं म्हणायचं. मी केलं असं कोणी म्हणत नाही. मी या वेळी शब्द लक्ष देऊन म्हटले. आम्ही दगा दिला. आम्ही हट्ट केला. आमच्यात तू पण आलास, मधला पण आला, तो समोरचा जांभई देणारा पण आला.

उपास सुटल्यावर मी हझ्झानना विचारलं, “ज्याला बातमी उशिरा कळते त्याचं काय?”

ते हातातला चहा खाली ठेवून म्हणाले, “कोणाला कळलेली नाही?”

“मोठ्या भावाला. तो लांब असतो.”

“दफन झाल्यापासून तीस दिवसांच्या आत कळलं तर ज्या दिवशी कळेल त्या दिवसापासून पूर्ण सात बसायचं. त्याचे सात सणानं जात नाहीत, कारण ते सुरूच झालेले नाहीत. तिसावा उलटल्यावर कळलं तर एक तास. जमिनीवर एक तास बसायचं, मग उठून कामाला लागायचं.”

दादा, मी घरी येताना हे दोनदा मनात म्हणून पाहिलं. मी दोन वर्षं त्याचं पाणी मोजलं, मला एक दुपार. तू आई गेल्यापासून त्याच्याशी एक शब्द बोललेला नाहीस, तुला सात दिवस.

मला राग आला असता तर बरं झालं असतं. मला फक्त ते बरोबर नाही असं दिसलं, हिशेबात चूक दिसते तसं. म्हणून पत्र टाकलं नाही. आणि आधी टाकलं नव्हतं ते यासाठी, की मधल्यानं सांगितलं होतं. “त्याला कळव,” म्हणाला होता, “पण महिना उलटल्यावर. एक तास बसेल. तेवढं त्याला जमेल.”


रविवार, सुक्कोथचे मधले दिवस

अक्षर तिरकं आलंय, कारण या दिवसांत लिहायचं तर नेहमीपेक्षा वेगळं लिहावं म्हणतात. कागद वाकडा धरलाय. मधला म्हणाला असता की एरवी तरी कुठं सरळ असतं.

सिनेगॉगच्या अंगणात मांडव घातलाय. वर फांद्या, मधून आभाळ दिसायला हवं. सात दिवस पक्कं घर सोडून त्यात जेवायचं, आणि आनंदात राहायचं. आनंद करा असा हुकूमच आहे. मी दोन दिवस गेले नाही. मग हझ्झान स्वतः बोलवायला आले. जिना चढून धापा टाकत होते.

“तुमच्या वाट्याचा वरण-भात संपवून माझं पोट बिघडलं,” म्हणाले. “चला.”

“मला आनंद होत नाहीये.”

“हसा असं कोणी म्हटलंय? या आणि बसा, एवढाच हुकूम आहे. तिथं बसलेल्या निम्म्या लोकांना पाठदुखी आहे, मलाही आहे. बसतोच ना.”

मी गेले. बाक कमी होते, म्हणून शम्माशनं तीच बुटकी स्टुलं मुलांना बसायला काढली होती. मुलं त्यांच्यावर उड्या मारत होती. पानं ताटात पडत होती. बायकांनी मला मधे बसवलं, मीठ सरकवायला लावलं, लोणचं सरकवायला लावलं. मी सरकवत होते.

जेवण झाल्यावर मी हझ्झानना आईच्या वेळचं सांगितलं. तुझ्या परवानगीशिवाय सांगितलं. की तू तीन दिवस बसलास आणि चौथ्या दिवशी कंपनीचं बोलावणं आलं म्हणून उठलास. शोकात काढून ठेवलेले बूट दारात घातलेस. मधला स्टुलावरून न उठता म्हणाला, “ते बूट परत काढायला या घरात येऊ नकोस.” तू म्हणालास, “बसून आई परत येणार असेल तर वर्षभर बसतो.” आणि खाली गेलास. तुझी पावलं पहिल्या मजल्यापर्यंत ऐकू आली. मधल्यानं मला सांगितलं, “चहा आण, निवला हा.” इतकंच झालं होतं. कोणी ओरडलंसुद्धा नव्हतं.

हझ्झान म्हणाले, “भावाची बातमी कळवलीच पाहिजे असा नियम नाही. न कळवणं हे पाप नाही. वाईट बातमी घेऊन धावणाऱ्याला आपल्याकडं कोणी शहाणा म्हणत नाही.”

“मग तिसावा उलटू देऊ?”

“तुम्हाला भीती कसली आहे? तो येणार नाही याची?”

“तो बसायला लागेल आणि चौथ्या दिवशी उठेल, याची. मग मधल्याचंच खरं होईल.”

“आणि एक तास बसला तर?”

“तेव्हाही मधल्याचंच खरं होईल.”

ते हसले नाहीत. माझ्या ताटातलं पान उचलून बाजूला टाकलं आणि म्हणाले, “मधला भाऊ फार हुशार होता हो तुमचा. मेल्यावरसुद्धा दोन्हीकडून जिंकतोय.”

काद्दीश, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, सध्या शम्माश म्हणतो. घरात म्हणणारा पुरुष कोणी नाही. तो भरभर म्हणतो, कारण त्याला पुढचं दार बंद करायचं असतं.


गुरुवार, सिम्हाथ तोराच्या दुसऱ्या दिवशी

काल सण संपले. सकाळी वर्षभर वाचत आणलेल्या तोरा ग्रंथाचा शेवटचा भाग वाचतात, तुला आठवत असेल. मोशे डोंगरावर मरतो. त्याला कुठं पुरलं ते कोणाला माहीत नाही. लोक त्याच्यासाठी तीस दिवस रडतात आणि मग रडण्याचे दिवस संपतात. तेवढं वाचून झालं की दुसरी गुंडाळी उघडून लगेच पहिल्यापासून सुरू. आकाश, पृथ्वी, उजेड. मधे कोणी श्वासही घेत नाही. आपण लहान असताना मधला त्या वेळी मुद्दाम शिंकायचा, तेवढी फटही मोकळी राहू नये म्हणून.

मी दर वर्षी ते ऐकते. या वेळी तीस दिवस हा शब्द तेवढा कानाला लागला. त्यांनी ते पूर्ण केले. एक दिवसही कोणी नेला नाही, म्हणून संपले असं लिहिता आलं. आमच्याकडे धड सुरूच झाले नाहीत तर संपणार काय? लोक तोरा घेऊन नाचत होते. मालकांच्या वयाचा एक माणूस नाचता नाचता चष्मा पाडून त्यावरच पाय देऊन गेला आणि तरी नाचत राहिला. मी बाकावर बसून विचार करत होते की मधल्यासाठी बसलंय कोण. मी एक दुपार बसले, तीही फाटका गळा सावरत. बाकी कोणी नाही. माझ्याकडचे दिवस सणांनी नेले, ते योग्यच होतं, कायदा आहे, मला तक्रार नाही. पण आपल्या घरात अजून एका माणसाकडे ते दिवस पूर्ण शिल्लक आहेत. सातच्या सात, कोणी हात न लावलेले. ते तुझ्याकडे आहेत आणि तुला माहीतच नाही. येत्या मंगळवारी सूर्य मावळला की तेही जातील.

मग ते फुकट जाऊ द्यायचे नाहीत असं ठरलं. ठरवलं असं म्हणवत नाही. उठले, आणि ते ठरलेलं होतं.

मधल्याचं ऐकत नाहीये, हे मला कळतंय. तो गेल्यावर पहिल्यांदाच त्याचं काही मोडतेय. त्याला राग येईल असं वाटून मी रात्री त्याचा पलंग नीट केला, मग हसू आलं. तेही पूर्ण आलं नाही.

सकाळी समोरच्या पोस्टात विचारून आले. जलद टपालानं सोमवारी पोचतं म्हणतात. एखादा दिवस इकडेतिकडे झालं तरी मंगळवार हातात आहे. मंगळवारही उलटून गेला असेल, टपालवाल्यानं घोळ घातला असेल, तर एक तास. त्याबद्दल मी कोणाला बोल लावणार नाही, तुलाही नाही.

आत पोचलं तर सात. तिथंच बसलास तरी चालतं, इथं येऊन बसलास तरी चालतं, हझ्झानना विचारून घेतलं आहे. आलास तर दार नुसतं लोटलेलं असेल, वाजवू नकोस, सात दिवसांत दार वाजवायचं नसतं. आरशावर मी चादर घालेन. शम्माशकडून एक स्टूल मागून घेतलंय. “एकच?” म्हणाला. मी म्हटलं एकच, मी खुर्चीवर बसणार. मी शोकातली नाही ना आता, त्यामुळे मला खाली बसता येत नाही. पण एक गोष्ट करता येते. तुझं पहिलं जेवण दुसऱ्याच्या हातचं हवं, आणि तो दुसऱ्याचा हात आता माझाच धरला जातो. मी तुला ताट वाढेन. तू जेवलास किंवा नाही जेवलास तरी मी ताट उचलेन आणि परत वाढेन. लॅबमधून रजा मागितलीय. मालक म्हणाले, “आता कोणाचे सात?” मी म्हटलं, भावाचे. ते म्हणाले, “तेच ना, झालेले?” मी म्हटलं, दुसऱ्या भावाचे. त्यांनी दिली.

चौथ्या दिवशी उठावंसं वाटलं तर मला सांग. मी मधल्यासारखं काही बोलणार नाही. पण मी तुला बस म्हणेन. आजवर मी तुला काही करायला सांगितलेलं नाही, तेव्हा एकदा सांगायचा हक्क मला असावा.

मला अजून काही होत नाही, दादा. तुला होईल का तेही माहीत नाही. ते झालंच पाहिजे असं कुठं सांगितलेलं नाही. बसायला तेवढं सांगितलंय.

पहिल्या ओळीत तुला कळलं तेव्हाच तुझे सात दिवस सुरू झाले. एवढी पानं तू खुर्चीवर बसून वाचली असशील. आता बूट काढ आणि खाली बस.

धाकटी